ज्यांनी बाबांना पट्टी विचारली, त्यांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले, तर "बरं बरं, ठेवतो, गिऱ्हाईक आलंय" म्हणून तुम्ही सुटका करून घेतलीत. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. नाव घालत नाही. तपकीर गल्लीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाबांच्या अँप्लिफायरमधली ती घूंऽऽ गेली ती गेलीच. आता रेकॉर्ड लावली की आधी सुईची खरखर, मग तानपुरा, आणि तानपुऱ्याखाली काही म्हणता काही नाही.

तुमच्याआधी दुरुस्तीला आलेल्यांचा राग अजून उतरलेला नाही, तोही इथेच ओकून टाकते. एकाने फिल्टर कंडेन्सर (आतल्या विजेचे हेलकावे सपाट करणारे) बदलले, पैसे घेतले, घूं जागच्या जागी. दुसऱ्याने अँप्लिफायर उचलून दुकानात नेला. तिथे तो अगदी शहाण्यासारखा वाजला. परत आणून देताना बाबा समोर बसलेले असताना तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबांचं वय काय? या वयात कानात वाजतं असं." मलाही ऐकू येतं म्हणाले, तर नुसता हसला. तिसऱ्याने कहर केला. त्याने थ्री-पिन टॉपची अर्थिंगची पिनच कापून टाकली! आवाज कमी झाला खरा, पण अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या खोलीत हे असं करून जायला काळीज तरी कसं धजतं?

तुम्ही आल्याआल्या आधी नवा टॉप लावलात. घूं पुन्हा पूर्ण जोरात सुरू झाली आणि मला वाटलं, आता हेही मान हलवणार. पण तुम्ही पंखा बंद करायला सांगितलात, कोपऱ्यातल्या बाजाच्या पेटीकडे एकदा पाहिलंत, बाबांच्या पलंगाच्या कडेला बसलात आणि विचारलंत, "मास्तर, हा आवाज कुठल्या पट्टीत आहे हो?"

काका, आभार त्या प्रश्नाचे आहेत. बाकीचं कामही चोखच झालं, पण तो प्रश्न ऐकून बाबा उशीला टेकलेले सरळ झाले. "पांढरी पाच. जराशी चढी. आणि खर्जातली," त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं. म्हणजे पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, पण अगदी खालच्या सप्तकातला. मग त्यांची गाडी सुटलीच. काळी एकमध्ये गाणाऱ्याची रेकॉर्ड लावली की हा मेला तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मधे लोंबकळतो, धड इकडे ना तिकडे, विलंबित ऐकवत नाही. या सगळ्यावर तुम्ही माना डोलावल्या नाहीत, "खर्जातली नक्की ना?" असं उलट विचारलंत. बाबांनी गळा जाईल तितका खालचा सूर लावला आणि याच्याही एक सप्तक खाली, असं हाताने दाखवलं. त्यांचा गळा आता थरथरतो, पण सूर जागेवर होता.

"मग कंडेन्सर नाही," तुम्ही म्हणालात. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, आणि पांढरी पाच त्या सप्तकात ४९ ला येते; म्हणून ही जराशी चढी. अँप्लिफायरच्या आत वीज एकाच दिशेला वळवताना हेलकावे दुप्पट होतात, म्हणून कंडेन्सर गेला असता तर हाच सूर १०० ला, म्हणजे वरच्या सप्तकात वाजला असता. म्हणजे पहिल्याने निष्कारणच अँप्लिफायर उघडला होता!

दोष निघाला केबल टीव्हीच्या वायरीत. टीव्हीचा आवाज मोठा यावा म्हणून सेट-टॉप बॉक्स अँप्लिफायरला जोडलेला. केबलचं अर्थिंग वेगळीकडे, घराचं वेगळीकडे, आणि दोन्हींच्या मधे वीज फिरत बसलेली. दुकानात केबल कुठली असायला? तिथे शांतच वाजणार. तुम्ही वायर उपटलीत आणि बाबांनी डोळे मिटले. पुढे आवाज जाऊ देणारा पण ती वीज फिरू न देणारा तो छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मधे घातलात, तेव्हापासून टीव्हीही चालतो आणि रेकॉर्डही.

बाबांनी जन्मभर पोरांना सूर ओळखायला शिकवलं. त्यांच्या कानावर शंका घेतलेली त्यांना किती लागली होती, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण रेकॉर्ड लावणं बंद केलं होतं. त्यांना पुन्हा जाणकार ठरवायला तुम्हाला एक वाक्य पुरलं. आजारी माणसाशी त्याच्या डोक्यावरून त्याच्या मुलीशी बोलायची आपल्याकडे सवयच आहे. दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे. तुम्ही थेट त्यांच्याशी बोललात. पैसे घेताना ट्रान्सफॉर्मरचेच घेतलेत, ते मात्र मला पटलेलं नाही.

हल्ली येईल त्याला बाबा सांगतात की महावितरण पांढरी पाचमध्ये गातं. आणि घूं गेल्यामुळे आता त्यांना सुई झिजल्याचं ऐकू यायला लागलंय; डावीकडचा सूर फाटतो म्हणतात. तेव्हा सवडीने एकदा या. सुई तुम्हीच आणा, आणि या वेळी येण्याजाण्याचे व मजुरीचे पैसे मी आधीच पाकिटात घालून ठेवते आहे.

तुमची,
मास्तरांची मुलगी