पुराची सूचना सरकारच्या स्वतःच्या सर्व्हरवर हवी, आणि ती हलकी हवी

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. नाशिकहून लिहितोय.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे गोदाघाटावरच्या टपरीवाल्यापासून खाली सायखेडा-चांदोरीच्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना लगेच कळायला लागतं, कारण नदीवरची मोटर काढायची असते, जनावरं वर न्यायची असतात, दुकानातला माल हलवायचा असतो. आणि आमच्यापर्यंत येतं काय, तर सही-शिक्क्याच्या पत्राचा फोटो, तोही ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत फिरत, झूम करून वाचेपर्यंत कळत नाही की आजचा आहे का कालचा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन हा फोटो नीट वाचूनही दाखवत नाही.

तीच सूचना मजकूर म्हणून टाईप केली तर? देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाईट लागतात, म्हणजे ५०० चिन्हांची अख्खी सूचना दीड केबीत बसते. पेठ-सुरगाण्याकडे रेंज येते-जाते तिथेही एवढं सहज पोचेल. त्याऐवजी आपण प्रत्येक कामाला नवीन अ‍ॅप काढतो, ते जुन्या फोनमध्ये मावत नाही, उघडलं की आधी अपडेट मागतं. पास्कल भाषा बनवणारे निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की हार्डवेअर जेवढ्या वेगाने फास्ट होतं त्यापेक्षा जास्त वेगाने सॉफ्टवेअर स्लो होतं. तीस वर्षं झाली, आणि त्याची किंमत नवीन फोन न परवडणारा माणूस मोजतोय.

दुसरी गोष्ट मालकीची. सूचना परक्या कंपनीच्या सोशल मीडियावर टाकली की चावी तिच्या हातात राहते. एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रो-बस चालवणाऱ्या एमटीएने ट्विटरवर लाईव्ह सूचना देणं बंद केलं, कारण कंपनीने आपोआप पोस्ट टाकायच्या सोयीला अचानक मोठे पैसे लावले. नंतर सरकारी सेवांना ती परत फुकट केली, पण त्याच वर्षी जूनअखेर लॉगिनशिवाय ट्विट दिसणंच काही दिवस बंद झालं होतं. उद्या विसर्ग वाढलेला असताना असं झालं तर आपण कोणाला फोन करणार आहोत?

यावर उपाय आहे. अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचं मोकळं स्टँडर्ड २०१८ पासून आहे, मॅस्टोडॉन वगैरे ट्विटरसारखी सॉफ्टवेअर त्यावर चालतात. जिओवाला एअरटेलवाल्याला फोन लावतो तसंच, सर्व्हर वेगळे असले तरी एकमेकांना फॉलो करता येतं, एका कंपनीच्या हातात सगळं नसतं. जर्मनीचं केंद्र सरकार २०२० पासून स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवतंय. युरोपियन युनियननेही २०२२ ला चालू केला होता, पण तो पायलट म्हणजे चाचणीपुरता, आणि पुढे सांभाळायला कुठलं खातं तयार झालं नाही म्हणून २०२४ ला बंद करावा लागला. म्हणून माझी कळकळीची विनंती, पायलट नको, कायमचं बजेट आणि सांभाळणारा कायमचा माणूस द्या.

पण नुसतं मॅस्टोडॉन बसवून टाकलं तरी काम होणार नाही हेही सांगतो. ते सर्व्हरला जड आहे, आणि जावास्क्रिप्ट (वेबपानासोबत ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम) बंद असेल तर त्याचं पान पोस्ट दाखवतच नाही. त्याच स्टँडर्डवरची गो-टू-सोशलसारखी हलकी सॉफ्टवेअर आहेत, ती छोट्या सर्व्हरवर चालतात, त्यांचा विचार करा. शिवाय पोस्टमध्ये लिंक टाकली की ती जिथे जिथे पोचते तो प्रत्येक मॅस्टोडॉन सर्व्हर प्रीव्ह्यूसाठी आपली वेबसाईट उघडायला येतो, आणि ऐन पुरात आपलीच साईट बसते. म्हणून लिंक नको, क्युसेकचा आकडा आणि वेळ पोस्टमध्येच लिहा. सोबत आरएसएस (नवीन सूचना आपोआप आणून देणारी फीड) ठेवा म्हणजे ज्याला अकाउंट काढायचं नाही त्यालाही मिळेल.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, म्हणजे ऐन पावसाळा. रामकुंडावर लाखो माणूस, टॉवरवर लोड, आणि त्यात पुराची सूचना पोचवायची. त्यामुळे टेंडर काढाल तेव्हा एवढी अट घालाच साहेब, की सूचनेचं पान ५० केबीच्या आत असेल, जावास्क्रिप्टशिवाय वाचता येईल, आणि पास करायच्या आधी त्याची तपासणी मंत्रालयातल्या वायफायवर न होता चांदोरीत, स्वस्तातल्या जुन्या अँड्रॉइड फोनवर, भर पावसात होईल.

आपला,
एक नाशिककर