कार्यशाळेच्या जुन्या वायरिंगला दिलेल्या ‘समाधानकारक’ अहवालाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विद्युत तपासणी व देखभाल विभाग

विषय : वायरिंगच्या तपासणीचा चुकीचा अहवाल आणि फेरतपासणीची मागणी

महोदय,

आमची कार्यशाळा जुन्या इमारतीत असून तिच्यातील वायरिंगचा बराच भाग इमारतीइतकाच जुना आहे, हे वार्षिक देखभालीचा करार करतानाच मी आपल्याला लेखी कळवले होते. गेल्या महिन्यात आपल्या तंत्रज्ञाने येऊन तपासणी केली आणि आठही सर्किटांपुढे ‘समाधानकारक’ असा शेरा असलेला अहवाल आला. तो फाइलला लावून मी निश्चिंत झालो, ही माझी चूक. त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील, तोच ग्राइंडरला हात लावताच आमच्या एका कामगाराला जोराचा शॉक बसला. हात लगेच सुटला म्हणून निभावले.

ग्राइंडरच्या मोटरचे इन्सुलेशन खराब झाले होते. यंत्र आमचे आहे, त्याचा दोष मी आपल्याला देत नाही. परंतु अर्थिंग धड असते, तर यंत्राच्या बॉडीत उतरलेला प्रवाह अर्थिंगच्या तारेतून परत जाऊन फ्यूज उडायला हवा होता. तो का उडाला नाही, हे पाहण्यासाठी दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावून आम्ही ती तार भिंतीच्या कडेने, रॅकमागून, शेवटच्या टोकापर्यंत शोधत नेली. तिथे ती पाण्याच्या लोखंडी पाइपला क्लॅम्पने घट्ट आवळलेली आढळली. क्लॅम्प पक्का, तारही शाबूत. मात्र तिथून हातभर पुढे तो पाइप प्लॅस्टिकचा होतो. नळाच्या दुरुस्तीत केव्हातरी तेवढा तुकडा बदलला गेला असणार आणि तेव्हापासून आमच्या कोणत्याही यंत्राला अर्थिंगच उरलेले नव्हते. आपल्या अहवालात अर्थिंगच्या रकान्यात ‘योग्य’ असे लिहिलेले आहे. मापन तर दूरच, पण रॅकमागे वाकून नुसते पाहिले असते तरी तो शब्द लिहिता आला नसता.

फ्यूजची अवस्थाही तशीच होती. 15 अँपिअरच्या किटकॅटमध्ये (फ्यूजची तार धरणाऱ्या, ओढून काढता येणाऱ्या खोबणीत) तांब्याच्या जाड तारेचे तीन पदर पीळ देऊन बसवलेले निघाले. हा उद्योग आमच्याच कोणा माणसाने, वारंवार उडणाऱ्या फ्यूजला कंटाळून केला असावा, हे मी मान्य करतो. तरीही तपासायला आलेल्या माणसाने किटकॅट ओढून पाहायला नको का? प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. अशा वेळी फ्यूज वितळला नाही, तर त्याच्याऐवजी भिंतीवरच्या लाकडी पट्टीतली तार तापते. शिवाय जुन्या पद्धतीप्रमाणे न्यूट्रललाही, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेलाही, फ्यूज आहे. तो एकटाच उडाला तर यंत्र बंद पडते आणि वीज गेली असे वाटते, पण आत फेज, म्हणजे वीज आणणारी तार, जिवंतच असते. दुरुस्तीला हात घालणाऱ्यासाठी याहून फसवे दुसरे काही नाही.

मागच्या भागातील लाकडी पट्टीचे झाकण उघडले तेव्हा आत सुती वेष्टनाची, रबरी इन्सुलेशनची तार निघाली. ती किंचित वाकवताच रबर बिस्किटासारखे तुटून खाली पडले आणि बोटभर लांबीचे तांबे उघडे झाले. या सर्किटवर 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) घेतलेले इन्सुलेशनचे माप पाव मेगाओहमही भरले नाही, जे निदान एक मेगाओहम तरी असायला हवे. आपल्या अहवालात मात्र आठही सर्किटांपुढे एकसारखे 20 मेगाओहम लिहिले आहेत. त्यातील सात नंबरच्या सर्किटची तार आम्ही पूर्वीच काढून टाकली असून त्याची पट्टी रिकामी आहे. जी तारच नाही तिचे माप आपल्या तंत्रज्ञाने कसे घेतले, याचा लेखी खुलासा करावा. माझ्या मते त्या दिवशी मेगर पेटीबाहेर निघालाच नव्हता.

इमारत जुनी आहे, तेव्हा दोष असणारच, असे उत्तर मला फोनवर मिळाले. दोष असणार म्हणूनच तपासणीचे पैसे मोजले होते. जुन्या वायरिंगबद्दल माझी तक्रार नाही. ती पाहूनही, किंवा न पाहताच, ठीक असल्याचे लिहून दिले, ही तक्रार आहे. स्पष्ट धोक्याची सूचना मिळाली असती तर मी त्याच दिवशी काम थांबवले असते.

तेव्हा आपण तो अहवाल लेखी रद्द करावा, माझ्यासमोर प्रत्येक सर्किटची आणि अर्थिंगची फेरतपासणी विनाशुल्क करावी, आणि कोणती वायरिंग ताबडतोब बदलायची व कोणती काही काळ चालू शकेल हे कारणांसह लिहून द्यावे. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा स्विच) कुठे बसवावी, तेही त्यात असावे. मात्र ती बसवली म्हणून अर्थिंगचे काम टाळलेले मला चालणार नाही. आधीच्या तपासणीचे शुल्क परत मिळावे. आपला अहवाल, नव्याने घेतलेली मापे आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

मागच्या भागाचा मेन स्विच मी बंद करून त्याला कुलूप घातले आहे, तेथील कामही थांबले आहे. सात दिवसांत आपल्या माणसाच्या येण्याची तारीख कळवावी. कुलपाची किल्ली माझ्याकडे असून आपला माणूस मेगर घेऊन आल्यावर मी स्वतः ते उघडून देईन.

आपला,
कार्यशाळाचालक