भोपळा कोरण्याआधी तो पोखरायचा कशाने?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भोपळा पोखरून, सालीवर चित्र कोरून त्याचा कंदील करतात; त्या कोरीवकामाविषयी आपल्या पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला. कागदावरचा नमुना सालीवर कसा उतरवावा, सुरी कोणत्या कोनात धरावी, आत दिवा कोणता ठेवावा, हे सारे त्यात नीट सांगितले आहे; मात्र त्याआधीच्या कामाची बोळवण 'आतील गर आणि बिया काढून घ्याव्यात' एवढ्या एका वाक्यात झाली आहे. ज्याने एखादा मोठा भोपळा स्वतः पोखरला असेल त्याला हे वाक्य वाचून हसू येईल. कोरण्यापेक्षा पोखरायलाच पुष्कळदा अधिक ताकद लागते, आणि कोरलेले चित्र किती स्वच्छ उजळेल व भोपळा किती दिवस उभा राहील, हे बऱ्याच अंशी याच टप्प्यावर ठरते. म्हणून या कामाला हत्यार कोणते घ्यावे याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

भोपळा उघडला की आत दोन निरनिराळ्या गोष्टी आढळतात. मध्यभागी बिया आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ओल्या, चिवट तंतूंचा गुंता असतो, तर त्याच्या बाहेर, सालीच्या आतल्या अंगाला, घट्ट गराची भिंत असते. तंतू ओढले की लगेच तुटत नाहीत, ते ताणले जातात आणि हातातून निसटतात. भिंत मात्र टणक असते आणि ती थराथराने खरवडावी लागते. म्हणजे वस्तुतः ही दोन कामे आहेत, पहिले तोडून उपसण्याचे आणि दुसरे खरवडण्याचे. भोपळ्यासाठी म्हणून तयार मिळणाऱ्या अनेक संचांत या दोन्हींसाठी मिळून एकच चपटा प्लास्टिकचा चमचा दिलेला असतो, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

पहिल्या कामाला खास हत्यार लागतच नाही. हात आणि एक साधी कात्री पुरेशी होते. तंतू जिथे भिंतीला जोडलेले असतात तिथे ते कात्रीने छाटले की सगळा गुंता एका हाताने बाहेर येतो. न छाटता ओढत बसले की बिया घरंगळतात आणि अर्धे तंतू भिंतीलाच राहतात. बिया वेगळ्या ठेवायच्या असतील तर काढलेला ऐवज पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात टाकून हाताने चोळावा, म्हणजे सुट्या झालेल्या बहुतेक बिया वर तरंगतात. थंड जागी ठेवलेला भोपळा मात्र आधी काही तास खोलीत आणून ठेवावा, कारण गार गरात हात घालून काम करताना बोटे लवकरच आखडतात. काहींच्या हातांवर भोपळ्याचा रस वाळून कातडी ताणल्यासारखी होते, त्यांनी पातळ हातमोजे घालावेत.

खरी निवड आहे ती खरवडण्याच्या हत्याराची. चमचा हातात घेतल्यावर लोक आधी त्याचा आकार पाहतात. मी म्हणेन, आधी कड पाहावी. कड पातळ असली तर ती गरात शिरते आणि त्याचा लांब पापुद्रा निघतो. जाड आणि गोलावलेली असली तर ती गरावरून नुसती घसरते, आणि मग आपण जोर वाढवतो, जोर वाढला की मनगट दुखते आणि हात सुटण्याची भीती असते. पातळ म्हणजे धारदार नव्हे. बोट फिरवल्यावर कापणार नाही, पण जाणवेल, एवढी ती असावी. कडेला बारीक दाते असलेले छोटे चमचे मिळतात, जे ग्रेपफ्रूटसारखे फळ खाण्यासाठी बनवलेले असतात. ते तंतूंचे बुडखे उपटायला फार उपयोगी पडतात, परंतु त्यांची वाटी लहान असल्यामुळे सबंध भोपळा त्यांनी साफ करायला घेणे म्हणजे चिकाटीची परीक्षाच होय.

कडेनंतर मान. चमच्याची वाटी आणि दांडा जिथे जुळतात तो भाग जोर दिल्यावर वाकत असेल तर तो चमचा कितीही चांगला दिसला तरी उपयोगाचा नाही. जेवणाचे बहुतेक पातळ चमचे इथेच नापास होतात. विकत घेण्यापूर्वी वाटी टेबलाच्या कडेवर टेकवून दांड्यावर जरा भार देऊन पाहावा. मान लवली तर तो बाजूला ठेवावा. वाटी आणि दांडा एकाच धातूच्या तुकड्यातून घडवलेला वाढणीचा जाड चमचा किंवा आइस्क्रीमचा एकसंध धातूचा स्कूप या कसोटीला उतरतो. त्यातही आइस्क्रीमचे जे स्कूप दांडीवरची कळ दाबून आतली पट्टी फिरवतात, ते या कामाला मुळीच घेऊ नयेत, कारण तंतू त्या पट्टीत आणि दातेरी चाकात गुरफटतात आणि स्कूप धुणे हेच एक नवे काम होऊन बसते. साध्या स्कूपची गोल वाटी भोपळ्याच्या आतल्या गोलाईला बरोबर बसते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. दांडा आखूड असणे ही उणी बाजू. लहान आणि मध्यम भोपळ्याला तो उत्तम ठरतो, पण खोल भोपळ्याच्या तळाशी पोहोचताना मनगट कापलेल्या काठावर घासू लागते, तिथे लांब दांड्याचा चमचा हवा.

दांड्याविषयी एवढेच की काही मिनिटांतच तो ओला होणार आहे हे धरून चालावे. गुळगुळीत, चकचकीत दांडा दिसायला सुंदर असतो आणि नेमका नको त्या क्षणी फिरतो. जाडसर, किंचित खडबडीत किंवा रबर चढवलेला दांडा चांगला, आणि तसा नसेल तर त्यावर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळली तरी चालते.

प्लास्टिकच्या चमच्यांवर मी सरसकट टीका करणार नाही. हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकेतील संघटना लोकांना सांगतात की सुरी मुलांच्या हाती देऊ नये, त्यांना नमुना काढू द्यावा आणि आतला गर व बिया साफ करू द्याव्यात. हा सल्ला मला अगदी योग्य वाटतो, आणि तो मानायचा तर मुलांच्या मुठीत मावेल असा हलका, बोथट चमचा घरात असायलाच हवा. फक्त त्याच्याकडून तंतू उपसण्याची अपेक्षा ठेवावी, भिंत पातळ करण्याची नको. ते काम मोठ्यांनी धातूच्या हत्याराने करावे.

मातीकाम करणाऱ्यांकडे लाकडी मुठीला धातूच्या पट्टीचे वळे बसवलेले एक हत्यार असते, ज्याने ते ओल्या मातीचे पापुद्रे काढतात. भोपळ्यावर बारीक काम करणारे अनेक जण तेच वापरतात आणि एकदा ते हाती आले की चमच्याकडे परत जावेसे वाटत नाही. पट्टी दोन्ही बाजूंनी मोकळी असल्यामुळे खरवडलेला गर वाटीत साचत नाही, वळ्यातून पलीकडे निघून जातो, आणि किती थर निघाला याचा अंदाज हाताला चांगला येतो. वळे मात्र तारेचे नसावे, चपट्या पट्टीचे असावे, कारण तार टणक गरावर वाकडी होते. खर्च करायचा नसेल तर काचेच्या बरणीच्या झाकणाचे धातूचे सुटे कडे तळहातात धरून खरवडले तरी जवळपास तोच परिणाम मिळतो.

ड्रिलला जोडायची पातीही मिळतात. ती वेगाने काम करतात यात वाद नाही, पण गर चहूकडे उडतो, आणि क्षणभर एकाच जागी टेकली तर भिंत हवी त्यापेक्षा पातळ होते. एकापाठोपाठ बरेच भोपळे करायचे असतील तरच त्यांचा विचार करावा, आणि तेव्हाही बॅटरीवरचे ड्रिल, कमी वेग आणि डोळ्यांवर चष्मा एवढे पथ्य पाळावे.

तोंड कुठे पाडायचे, हाही हत्याराच्या निवडीशी जोडलेला प्रश्न आहे. देठाभोवती झाकण कापण्याची पद्धत रूढ आहे. त्यात करवत आतल्या बाजूला तिरपी धरली की झाकण आत पडत नाही. परंतु झाकण फार लहान ठेवले तर हात आत गेला तरी कोपर वळत नाही, आणि चांगला स्कूपही निरुपयोगी ठरतो. बुडाकडून तोंड पाडले तर देठ आणि माथा अखंड राहतो, आणि तळाचा जाड गर आपोआप निघून जातो, जो वरून खरवडायला सर्वांत अवघड असतो. नंतर भोपळा दिव्यावर नुसता ठेवायचा. माझी पसंती या दुसऱ्या पद्धतीला आहे. मोठ्या भोपळ्याचा भार बुडाच्या कडेवर येतो, एवढे लक्षात ठेवून तो सपाट जागी ठेवावा.

आता प्रश्न किती खरवडायचे हा. ज्या बाजूवर चित्र येणार आहे तिथली भिंत साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची ठेवावी, असा प्रघात आहे, आणि आरपार कापायच्या साध्या चेहऱ्यासाठी तो ठीक आहे. भिंत त्याहून फार जाड राहिली तर छोटी करवत अडकते आणि कापलेल्या फटींतून प्रकाश सरळ बाहेर येत नाही. फार पातळ झाली तर दोन फटींमधला भाग एकदोन दिवसांत सुकून वाकतो. साल फक्त वरवर सोलून छटा काढायच्या असतील तर गणित बदलते, कारण तिथे गराची जाडी हीच छटा ठरवते आणि आतून एक ओबडधोबड खळगा राहिला तरी बाहेर तो उजळ डाग होऊन दिसतो. अशा कामाला वळ्याचे हत्यार लागतेच, चमच्याच्या गोल वाटीने पृष्ठभाग सारखा होत नाही. जाडी मोजण्यासाठी एक टाचणी पुरते: चित्राचा जो भाग पुढे कापूनच टाकायचा आहे तिथे ती आतून खुपसावी आणि किती आत गेली ते पाहावे. बाकीच्या बाजूंची भिंत मात्र जाडच राहू द्यावी, भोपळ्याला उभे राहण्याचे बळ तीच देते.

असे कोरीव कंदील मूळचे आयर्लंड आणि स्कॉटलंडमधले, आणि तिकडे ते सलगमासारख्या कंदांचे करत. कंदाला पोकळी नसते. सगळा घट्ट गर पोखरूनच जागा करावी लागते. पुढे तिकडचे लोक अमेरिकेत गेले आणि त्यांना आधीच पोकळ असलेले, आकाराने कितीतरी मोठे फळ मिळाले, तेव्हा त्यांच्या मनगटांनी सुटकेचा निःश्वास टाकला असावा. निव्वळ कोरण्यासाठी भोपळा निवडताना हे आजही उपयोगी पडते. खाण्यासाठी घेतात ते लहान, घट्ट व गोड गराचे भोपळे पोखरायला जड जातात. कोरण्यासाठी पिकवलेल्या वाणांचा गर बेचव आणि तंतुमय असतो. मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी जॉन हाउडन यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेला 'हाउडन' हा यांतला प्रसिद्ध वाण आहे. भोपळा चुकीचा घेतला तर हत्याराला दोष देऊन उपयोग नाही.

सुरक्षिततेविषयी आपल्या लेखात जे आले आहे त्यात एक भर घालावीशी वाटते. २००४ मध्ये 'प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वयंपाकघरातील सुऱ्या आणि भोपळ्यासाठी बनवलेली हत्यारे यांची मृत व्यक्तींच्या हातांवर तुलना करण्यात आली होती, आणि खास भोपळ्यासाठीची हत्यारे अधिक सुरक्षित ठरू शकतात असा निष्कर्ष निघाला होता. अर्थात तो कापण्याच्या हत्यारांविषयी आहे. पोखरताना अपघात होतो तो बहुधा कंटाळून चमचा ठेवून सुरी उचलल्यामुळे. चिकटलेला गर सुरीने कापून काढण्याचा मोह टाळावा, विशेषतः दुसरा हात बाहेरून नेमका त्याच जागी टेकवलेला असताना.

शेवटी साफसफाई आणि सुकवणी. भोपळ्याच्या गरात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि बुरशी आधी धरते ती सुटलेल्या तंतूंवर आणि साचलेल्या ओलीवर. म्हणून खरवडून झाल्यावर आतून कापडाने पुसून भोपळा तासभर उपडा ठेवावा, आणि मगच नमुना चिकटवावा. कापलेल्या कडांना पेट्रोलियम जेली लावण्याचा उपाय अनेक जण सांगतात. त्याने कडा उशिरा सुकतात हे खरे, पण जेली पेट घेऊ शकते, तेव्हा ती लावायची असेल तर आत मेणबत्ती न ठेवता बॅटरीचा दिवाच ठेवावा.

आपण यापुढेही असे नमुने छापणार असाल, तर प्रत्येक नमुन्याखाली त्याला लागणारी भिंतीची जाडी आणि ती कोणत्या हत्याराने साधावी, एवढी एक ओळ छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक