पंचांचा निर्णय अंतिम, पण समालोचकाचे मौन कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावात क्रिकेटचा प्रशिक्षक नाही आणि नियमांचे पुस्तक कुणाच्या घरी सापडणार नाही. पोरं खेळ शिकतात ती टीव्हीवरून, मोबाइलवरून. आता आयपीएलचे मराठी समालोचनही ऐकायला मिळते, त्यामुळे टपरीवर बसलेली पोरं त्यातला एकेक शब्द उचलतात. म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

पायचीतचा निर्णय चुकतो, चेंडू आधी बॅटला लागला होता हे रिप्लेमध्ये साऱ्या गावाला दिसते, आणि समालोचक म्हणतात, "पंचांचं काम फार अवघड असतं." लगेच विषय बदलतो. फलंदाजाने वाईट फटका मारला तर हेच लोक षटकभर त्याची चिरफाड करतात. झेल सुटला तर तो चार-चार वेळा दाखवतात. पंच चुकला की मात्र आवाज खाली येतो.

काम अवघड आहेच. तिसरा पंच मदतीला नसेल तिथे गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेवर पाहायचा आणि त्याच क्षणी नजर उचलून 22 यार्डांवर काय घडले ते टिपायचे, हे सोपे नाही. पण मग नेमके हेच सांगा ना! पंचाची नजर कुठे होती, त्याला काय दिसले नसेल, नियम काय म्हणतो, हे सांगितले तर पंचाचा अपमान होत नाही. उलट उद्या पंच होऊ पाहणाऱ्या एखाद्या पोराला त्यातून शिकायला मिळेल.

बोलल्याने खेळाचे भलेच झाले आहे. 28 मार्च 2019 रोजी आयपीएलमध्ये, बंगळुरूच्या मैदानावर, मुंबई इंडियन्सविरुद्ध बंगळुरू संघाला शेवटच्या चेंडूवर 7 धावा हव्या होत्या. मुंबईच्या मलिंगाचा तो चेंडू नोबॉल (पाय रेषेपुढे पडल्याने अवैध) होता आणि पंचांच्या नजरेतून सुटला. बंगळुरूचा कर्णधार विराट कोहली चिडला हे समजण्यासारखे आहे, पण सामना जिंकलेल्या मुंबईच्या रोहित शर्मानेही अशा चुका खेळासाठी चांगल्या नाहीत असे सांगितले. पुढच्याच वर्षापासून आयपीएलमध्ये पुढच्या पायाचा नोबॉल पाहण्याचे काम तिसऱ्या पंचांकडे गेले. सगळ्यांनी "अवघड असतं" म्हणून सोडून दिले असते तर हे झाले असते का?

त्याच वर्षी 14 जुलैला लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. न्यूझीलंडच्या गप्टिलची फेक इंग्लंडचा फलंदाज स्टोक्सच्या बॅटला लागून चेंडू सीमापार गेला आणि इंग्लंडला 6 धावा मिळाल्या. फेक झाली तेव्हा फलंदाजांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडलेले नव्हते, म्हणून 5 धावाच द्यायला हव्या होत्या. मी तो सामना संपेपर्यंत जागून पाहिला, पण हा नियम मला कळला तो नंतर, माजी पंच सायमन टॉफेल बोलले तेव्हा. पंच कुमार धर्मसेना यांनी पुढे स्वतः चूक मान्य केली. पंच इतके मोकळेपणाने बोलतात, तर बघ्यांनी कशाला तोंड मिटायचे?

खेळाडूंवर बंधन असते. पंचांवर जाहीर टीका केली तर आचारसंहितेनुसार दंड होऊ शकतो. समालोचक तर खेळाडू नव्हेत. मात्र त्यांचे मानधन कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. संघनिवड आणि डीआरएस (पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याची पद्धत) यांसारख्या विषयांवर बोलायचे नाही, अशा भारतीय क्रिकेट मंडळाच्या अटींमुळे ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपेल यांनी 2013 मध्ये भारतातील मालिकेचे समालोचन नाकारले, असे त्या वेळी छापून आले होते. तसे कोणी दुसऱ्याने केल्याचे मी ऐकले नाही.

हे मी दुसऱ्यांनाच सांगतो आहे असे नाही. कापूस वेचून झाला की आमच्या गावात कबड्डीचे सामने होतात आणि माईक माझ्याकडे असतो. मागच्या वर्षी अंतिम सामन्यात गुण बरोबरीत असताना चढाईपटूचा पाय कुणालाही स्पर्श होण्याआधी लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात) पडला. तो तिथेच बाद होता. त्या बाजूच्या पंचासमोर खेळाडू आडवे आले आणि गुण चढाईला मिळाला. मला मंचावरून स्वच्छ दिसले होते. लोक ओरडत होते, आणि मी माईकवर सांगितले, "पंचांचा निर्णय अंतिम आहे, शांतता राखा."

संध्याकाळी हरलेल्या संघातला एक पोरगा आला. "सर, तुमाले त दिसलं होतं न? मंग बोलले काहून नाही?" एवढेच विचारून तो उभा राहिला. मला उत्तर देता आले नाही. पंच बाहेरगावचे पाहुणे होते, त्यांचा मान राखावा असे मला वाटले होते. पण निर्णय मानणे आणि तो बरोबर होता असे भासवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी इतकी वर्षे शाळेत खेळ शिकवूनही त्या क्षणी विसरलो.

क्रिकेट असो की प्रो कबड्डी, प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांना माझी विनंती आहे की प्रत्येक सामन्यात एक माजी पंच समालोचनाला बसवावा आणि त्याला मोकळे बोलू द्यावे. आमच्यापुरते सांगायचे तर यंदाच्या सामन्यांसाठी मी सरपंचांना (कबड्डीत मुख्य पंचाला आम्ही सरपंच म्हणतो) आधीच सांगून ठेवले आहे: निर्णय तुमचाच चालेल, पण मला जे दिसेल ते मी माईकवर सांगेन. त्यांनी होकार दिला आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ