मोहल्ल्यातल्या सगळ्या मांजरींना एकाच दिवशी जंताचं औषध : मदत हवी आहे

नागपूरच्या महाल भागातल्या, बडकस चौकाच्या मागच्या गल्ल्यांमधल्या सगळ्या शेजाऱ्यांना मोहल्ला समितीचा नमस्कार.

उन्हाळ्यात कूलर लागले की आपल्या वाड्यांमधल्या भाट्या, म्हणजे माद्या मांजरी, त्यांच्यामागच्या गारव्यात पिल्लं घालतात. गेल्या वर्षी अशाच एका कूलरमागच्या पाच पिल्लांपैकी तीनच वाचली. उचलून घेतलं तर मणका न् मणका बोटाला लागायचा आणि पोट मात्र टरारून फुगलेलं. घरच्यांना वाटलं, दूध भरपूर पितात म्हणून पोट भरलंय. मग एकाने ओकारी केली आणि त्यात शेवयांसारखे पांढरे जंत वळवळताना दिसले. तेव्हा धावाधाव झाली, पण दोघांसाठी उशीर झाला होता.

हे गोलजंत पिल्लाला आईच्या दुधातूनच मिळतात. म्हणून पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की औषध सुरू करायचं, दर पंधरा दिवसांनी द्यायचं आणि आईलाही सोबतच द्यायचं. मोठ्या मांजरीला जंत झालेत हे तर बरेचदा कळतही नाही. ती खाते, खेळते, उंदीर मारते. एखाद्या सकाळी गोधडीवर सुकलेल्या तांदळाच्या दाण्यासारखं काही सापडतं आणि आपण ते झटकून टाकतो. तो चपट्या जंताचा तुकडा असतो. हा जंत पिसवांमुळे होतो : अंग चाटता चाटता मांजर पिसू गिळते आणि जंत पोटात जातो. चपट्या जंताची दुसरी एक जात उंदरांतून येते. घरात पिसवा तशाच राहिल्या, तर आज दिलेली गोळी महिन्याभरात वाया जाते. पण म्हणून कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजरीच्या जिवावर बेततं.

समितीकडून एक चूक झाली, ती इथे कबूल करायला हवी. गेल्या पावसाळ्यात ज्यांनी मागितलं त्यांनाच आम्ही औषध दिलं. दिवाळी येईतो त्याच मांजरी पुन्हा रोडावल्या. तशा त्या रोडावणारच होत्या. मांजर एका घरी जेवते, दुसऱ्याच्या माळ्यावर झोपते आणि तिसऱ्याच्या तुळशीच्या कुंडीत उकरते. तिच्या विष्ठेतून पडलेली गोलजंतांची अंडी दोन-तीन आठवडे ओल्या, उबदार मातीत पिकतात आणि मग महिनोन् महिने, कधी वर्षांहून जास्त टिकतात. कडक उन्हात कोरडी पडलेली माती त्यांना मानवत नाही, पण आपल्या अंगणात कूलरचं पाणी ठिबकतं तिथे नवतप्यातही, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतही, ओल असते, आणि मांजरी नेमक्या तिथेच उकरतात. पाऊस लागला की सगळं अंगणच तसं होतं.

आपली पोरं राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, 10 फेब्रुवारीला आणि 10 ऑगस्टला, शाळेत आणि अंगणवाडीत एकाच दिवशी गोळी घेतात, ती याच हिशोबाने. मांजरींचंही तसंच करायचं ठरलंय. मात्र पोरांची ती अल्बेंडाझोलची गोळी उरली म्हणून मांजरीला घालू नका, तिच्या रक्तावर वाईट परिणाम होऊ शकतो. तिची गोळी वेगळी असते आणि वजनावर ठरते.

नवतपा संपल्यावरच्या दोन रविवारी, पंधरा दिवसांच्या अंतराने, सकाळी 7 ते 10 या वेळात मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर औषध दिलं जाईल. पशुवैद्यक स्वतः हजर राहतील. पुढे पोळा, नाताळ आणि होळीच्या सुमारास, म्हणजे दर तीन महिन्यांनी, हेच करायचं आहे. एका वेळेने काम होत नाही, कारण औषध आतड्यातले जंत मारतं, शरीरात दडलेल्या अळ्या नाही.

त्यासाठी पैसे हवेत. गोळ्या, पिल्लांचं पातळ औषध, मांजरींसाठीचं पिसवांचं औषध, एक वजनकाटा आणि हातमोजे, एवढाच खर्च आहे. पन्नास रुपये दिलेत तरी पावती मिळेल आणि सगळा हिशोब देवळाच्या फळ्यावर लागेल. ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांनाही आम्ही मागतो आहोत, कारण माती सगळ्यांची आहे. ही अंडी मातीच्या हाताने पोरांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यापर्यंत जातात. त्यावर मांजर पोत्यात घालून नाग नदीपलीकडे सोडून येणं हा उपाय नाही. तसं करणाऱ्यांना आम्ही हात जोडून सांगतो, करू नका. तिची जागा दुसरी मांजर घेते आणि अंडी मातीत तशीच राहतात. विष्ठा रोजच्या रोज उचला, म्हणजे अंडी पिकायला वेळच मिळत नाही. पोरांचे हात साबणाने धुवा. फिनाइलवर विसंबू नका. त्याने अंडी मरत नाहीत, मांजरीला मात्र बाधतं.

पैशांइतकीच माणसंही हवी आहेत. मांजर धरणं हे दोघांचं काम आहे. जुन्या टॉवेलमध्ये मानेपर्यंत गुंडाळायचं, एकाने डोकं वर धरायचं, दुसऱ्याने गोळी जिभेच्या मुळाशी ठेवून तोंड मिटायचं आणि गिळेपर्यंत गळ्यावरून हळूहळू बोट फिरवायचं. वर सिरिंजने चमचाभर पाणी द्यायचं. कॉलेजातली पोरंपोरी आली तर एका सकाळी शिकून जातील. जुने टॉवेल आणि झाकणाच्या टोपल्याही चालतील.

एखादी मांजर फारच खंगलेली असेल, रक्त पडत असेल, तर रविवारची वाट पाहू नका. तिला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. रिक्षाभाड्याची अडचण असेल तर समितीला सांगा.

वर्गणी आणि नावनोंदणी रोज संध्याकाळी आरतीनंतर देवळाच्या ओट्यावर घेतली जाईल. आपल्या घरी, माळ्यावर, कूलरमागे किती मांजरी आणि पिल्लं आहेत तेवढं लिहून द्या. जी कुणाच्याच हाती लागत नाही, तिची रोजची जेवायची जागा आणि वेळ सांगा. आम्ही टोपली घेऊन तिथे येऊ.