‘सर्वानुमते मंजूर’ लिहिण्याआधी

संपादक महोदय,

सप्टेंबर आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या फलकांवर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागते. 30 तारखेच्या आत सभा, 14 पूर्ण दिवसांची सूचना, कोरम दोन तृतीयांश किंवा 20 यांपैकी कमी असेल तो, आणि कोरम नाही भरला तर अर्धा तास थांबून त्याच खुर्च्यांवर तहकूब सभा. हे नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. सभेत नेमके काय ठरले, एवढेच कोणाला सांगता येत नाही. इतिवृत्त कमिटी मागाहून लिहिते आणि आदर्श उपविधींनी, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनी, तिला त्यासाठी तीन महिने दिले आहेत. कच्चे इतिवृत्त हातात पडेपर्यंत दिवाळीचा फराळ संपलेला असतो. त्यात प्रत्येक विषयाखाली तेच दोन शब्द असतात: सर्वानुमते मंजूर. सभेत चौघे तावातावाने बोललेले असतात आणि चाळीस जण गप्प बसलेले असतात. त्या चाळिसांचे मौन आपण बिनदिक्कत होकाराच्या खात्यात टाकतो. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन लहानपणीच कानावर पडलेले असते ना!

मौनाचा याच्या नेमका उलटा उपयोग करणारी एक जुनी ख्रिस्ती मंडळी आहे. त्यांना क्वेकर म्हणतात. त्यांच्या पंथाच्या अधिकृत नावातही ‘सोसायटी’ आहे: रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्यापासून हा पंथ सुरू झाला आणि 1660 च्या दशकाअखेर त्यांच्या मासिक सभांची घडी बसली. आपल्याकडे त्यांचे काम मध्य प्रदेशात होशंगाबादजवळच्या (आताचे नर्मदापुरम) रसूलियाला होते. सेवाग्रामला नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या. ऑगस्ट 1947 मध्ये कलकत्त्यात गांधीजींसोबत राहिलेले होरेस अलेक्झांडरही क्वेकरच. त्याच वर्षीचा शांततेचा नोबेल पुरस्कार ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन क्वेकर सेवासंस्थांना मिळाला. पण या पत्राचा विषय त्यांची थोरवी नाही. त्यांची सभा कशी चालते, हा आहे. (सगळे क्वेकर एकाच पद्धतीचे नाहीत. केनियात त्यांची संख्या सर्वाधिक आहे आणि तिथे पाद्री असतात, भजनेही होतात. पुढचे वर्णन मुख्यतः ब्रिटनमधल्या रिवाजाचे आहे.)

खुर्च्या गोलात किंवा चौकोनात मांडतात, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात. एका टेबलामागे क्लर्क आणि त्याचा सहायक बसतो. क्लर्क म्हणजे कारकून नव्हे. आपल्याकडचे चेअरमन आणि सेक्रेटरी एका माणसात घातले, पण त्याचे मत काढून घेतले, की क्लर्क तयार होतो. एखाद्या विषयावर त्याला स्वतःचे म्हणणे मांडायचेच असेल, तर त्या विषयापुरते टेबल सहायकाच्या हाती देऊन तो बाकीच्यांत येऊन बसतो. सभेची सुरुवात काही मिनिटांच्या शांततेने होते. बोलायचे असेल तो उभा राहतो, क्लर्कने खूण केली की बोलतो, आणि बोलतो तेही क्लर्कला उद्देशून, शेजारच्याला नव्हे. एका विषयावर सहसा एकदाच बोलायचे. दोन बोलण्यांमध्ये थोडे थांबायचे, म्हणजे आधीच्याचे म्हणणे कानातून डोक्यापर्यंत पोचते. टाळ्या नाहीत, सूचक-अनुमोदक नाहीत, हात वर करणे नाही. मतदान तर नाहीच.

मग निर्णय कसा होतो? सभेचा कल लक्षात आला की क्लर्क तिथेच लिहायला घेतो. तो लिहीत असताना बाकीचे शांत बसतात, मोबाइल काढत नाहीत. लिहून झाले की तो मोठ्याने वाचतो आणि विचारतो, हे मान्य आहे का? ब्रिटनमधले जुने क्वेकर याला ‘हो’ म्हणत नाहीत, ‘होप सो’ म्हणतात, म्हणजे ‘तशी आशा आहे’. कोणाला एखादा शब्द खटकला तर तो बदलून मजकूर पुन्हा वाचतात. एकदा मान्य झालेल्या नोंदीतला स्वल्पविरामही सभेनंतर कोणी हलवत नाही. गप्प बसलेल्याचा इथे होकार धरत नाहीत. मजकूर त्याच्यासमोर वाचला जातो आणि ‘नाही’ म्हणायची शेवटची संधी तिथेच मिळते. गैरहजर माणसाला मात्र निरोप पाठवून निर्णय अडवता येत नाही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री अकराला पोल टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कोणाला पटलेच नाही तर दोन वाटा असतात. त्याने स्वतःहून बाजूला उभे राहायचे, म्हणजे ‘मला पटत नाही, पण मी अडवत नाही’. किंवा विषय पुढच्या सभेवर ठेवायचा. गुंतागुंतीच्या विषयासाठी आधी वेगळी बैठक घेतात. तिला ते ‘थ्रेशिंग मीटिंग’ म्हणतात. थ्रेशिंग म्हणजे मळणी! त्या बैठकीत काहीही ठरवायचे नाही असे आधीच जाहीर केलेले असते. खळ्यावर सगळे पसरायचे, राग, शंका, जुनी उणीदुणी, सगळे. दाणे आणि भूस वेगळे झाले की मग निर्णयाची सभा. पुनर्विकासाच्या वादात अडकलेल्या आपल्या इमारतींना या एका गोष्टीची फार गरज आहे. आपल्याकडे मळणी, उफणणी आणि पोती भरणे एकाच रविवारी सकाळी 10 ते 1 मध्ये उरकायचे असते.

पद्धतीतले दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष म्हणजे वेग. 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध मांडला. स्थानिक सभेने तो वरच्या सभेकडे पाठवला, तिने त्याहून वरच्या, आणि तिथे निर्णय टाळला गेला. आपल्या फायली जशा फिरतात तसेच. गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्व नाही, हे फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवले 1776 मध्ये. मधल्या 88 वर्षांची किंमत सभेत बसलेल्यांनी मोजली नाही, शेतावर राबणाऱ्यांनी मोजली. दुसरा दोष म्हणजे वजनदार माणसे. हात मोजत नसल्यामुळे ज्येष्ठांच्या शब्दाला आपोआप जास्त माप पडते. तिसरा म्हणजे क्लर्कच पक्षपाती निघणे. असा क्लर्क सभेचा कल स्वतःला सोयीचा ऐकतो. त्यावर औषध म्हणून पदे ठरावीक मुदतीसाठीच देतात, बहुधा तीन वर्षांसाठी, आणि नावे सुचवायला वेगळी समिती असते. वर्षानुवर्षे तोच खजिनदार, हा प्रकार फारसा चालत नाही.

सामाजिक प्रश्न सभेपुढे आणण्याची त्यांची रीतही घेण्यासारखी आहे. एखाद्याच्या मनाला काही टोचत असेल तर त्याला ते ‘कन्सर्न’ म्हणतात. तो आधी दोघा-तिघांशी बोलतो, मग सभेपुढे येतो. सभा नुसती शाबासकी देऊन मोकळी होत नाही. ती ठरवते की हे काम या माणसाचे आहे आणि आपण त्याला पाठबळ द्यायचे, की हे आपल्या सगळ्यांचे आहे, की याची वेळ अजून आलेली नाही. पाठबळ म्हणजे तीन-चार जणांचा गट आणि लागेल तर पैसे, तेही नोंदीत लिहून. आता आपल्याकडे पाहा. बारा तास उभ्या असलेल्या वॉचमनला स्वच्छतागृह नाही, कामवाल्या बाईंना मुख्य लिफ्ट बंद, सातव्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा चार दिवस दिसले नाहीत. हे सगळे ‘ऐनवेळचे विषय’मध्ये येते, म्हणजे दुपारी दीड वाजता, वडा-सामोशाच्या वासात. क्वेकर सभेत सभासदांची घरे वाटून घेऊन विचारपूस करणारे लोक नेमलेले असतात. 40 फ्लॅटच्या सोसायटीत मजल्यागणिक एक माणूस नेमायला उपविधीची परवानगी लागत नाही.

आता कायद्याचे. सहकार कायद्याने मतदान सांगितले आहे, ते टाळता येणार नाही. निवडणूक, उपविधीतील दुरुस्ती आणि कलम 79-अ खालचा पुनर्विकास इथे डोकी मोजावीच लागतात. पण इतिवृत्ताचे तीन महिने ही कमाल मुदत आहे. ठरावाचा मजकूर त्याच दिवशी, सभेतच लिहू नका, असे कुठेही म्हटलेले नाही. तेवढे तर या महिन्यातच करता येईल.

लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि बोलणारा नसेल असा एक टंकलेखक लागतो. ठिकाण, अंदाजपत्रके, मागील थकबाकी असा माहितीचा भाग आदल्या दिवशी टाइप करून ठेवावा. निर्णयाची जागा मात्र कोरी ठेवावी. ती आधीच भरून आणली की लोकांना वास येतो आणि बरोबरच येतो. प्रत्येक विषयाला लेखन-वाचनासाठी सात-आठ मिनिटे धरावीत, म्हणजे विषयपत्रिकेवर बारा विषय मावणार नाहीत. सहा ठेवावेत. मजकूर पाच-सहा वाक्यांचा असावा: काय ठरले, का ठरले, कोण करणार, कधीपर्यंत, पैसे कोणत्या निधीतून, आणि कोणती हरकत आली. ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ ही नोंद नव्हे. ‘तीन निविदा वाचल्या. मधल्या दराची घेतली, कारण तीतच हमीची मुदत लेखी होती. काम 31 मेपूर्वी संपवायचे. खर्च दुरुस्ती निधीतून. वरच्या मजल्यावरील दोन सभासदांनी उतार तपासण्याची मागणी केली. ती पाणी साठवून केलेल्या चाचणीनंतर पाहायची’ ही नोंद. जूनमध्ये छत गळाले तर भांडण कंत्राटदाराशी होईल, एकमेकांशी नव्हे.

चुका कुठे होतात तेही ठाऊक असावे. पडद्यावरचा मजकूर सगळ्यांना वाचता येतो असे धरून मोठ्याने वाचणे टाळले जाते, आणि मागच्या रांगेतले ज्येष्ठ अंधारात राहतात. शब्द दुरुस्त करता करता वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तिथे अध्यक्षांनी ‘मजकुरावर बोला, विषयावर नको’ असे सांगितले पाहिजे. आणि शांतता लांबवली की कोणीतरी अस्वस्थ होऊन ‘चला, मंजूर’ म्हणतो. दोन मिनिटांची शांतता आपल्याला दहा मिनिटांची वाटते, म्हणून पहिल्या खेपेला घड्याळ टेबलावर ठेवावे.

मान्य झालेल्या मजकुराच्या दोन प्रती लगेच काढून अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घ्याव्यात. एक फलकावर लावावी आणि एक दप्तरात ठेवावी. प्रिंटर कोणाच्या घरी आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवावे.

— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे (प.)