बाबांच्या पोटातली जाळी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न.

बाबा, पोटातल्या मोठ्या शिरेत बसवलेल्या जाळीबद्दल फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ नये यासाठी ती होती. तेव्हा रक्त पातळ करणारी गोळी देता येत नव्हती, आता चालू आहे. धोका टळला की जाळी काढावी, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० मध्येच बजावलंय. २०१४ च्या सूचनेत २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यानचा काळ त्यासाठी बरा म्हटलाय. तुमची ७ वर्षं राहिली.

इतक्या काळात जाळीच्या तारांचे पाय शिरेची भिंत हळूहळू पार करू शकतात. पुढ्यात लहान आतड्याची सुरुवात, डावीकडे महाधमनी, मागं मणका. म्हणून पोटातली कळ किंवा कंबरदुखी ॲसिडिटीच्या गोळीवर काढू नका. तार मोडली तर तुकडा रक्ताबरोबर हृदयापर्यंत जाऊ शकतो. छातीत दुखलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. आई, दोन्ही पाय एकदम सुजले तर जाळीच गुठळीनं तुंबली असेल, हे तू ध्यानात ठेव.

खानापुरात थांबू नका, बेळगावला जा. साध्या एक्स-रेत तार मोडलेली, जाळी कललेली दिसते. भिंतीबाहेर आलेले पाय आणि आतली गुठळी मात्र रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटीत नीट दिसतात. त्याआधी मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी करा, साखरेची मेटफॉर्मिन चालू आहे हे सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

काढताना बहुधा मानेच्या उजव्या शिरेतून नळी घालतात, फासानं जाळीचा आकडा पकडतात आणि नळी पुढं सरकवून जाळी आत मिटवतात. जुन्या जाळीचा आकडा अनेकदा भिंतीत रुतलेला असतो. तिथं नुसती ओढाताण केली तर शीर फाटू शकते. चिमटा किंवा लेसरची नळी लागते. ज्यांनी अशा रुतलेल्या जाळ्या काढल्यात त्यांच्याकडंच जायचं.

ते जमलं नाही, किंवा तार आतड्यात घुसली असेल, तरच पोट उघडणं. आतडं बाजूला सारून शीर वर-खाली आवळतात, मूत्रपिंडाच्या शिरा आणि मागच्या बारीक फांद्याही. बाहेर आलेले पाय कापून, शिरेला चीर देऊन उरलेली जाळी काढतात, प्रोलीनच्या धाग्यानं शीर शिवतात. मग सगळे तुकडे जुळवून मोजायचे. मूळ जाळीला पाय किती, हे मॉडेलवरूनच कळतं. सीटीत काही त्रास नसेल आणि काढण्यातच धोका जास्त ठरला, तर डॉक्टर राहू द्या म्हणतील. तेही मला पटेल.

आई, डिस्चार्ज कार्डाच्या मागं जाळीचा स्टिकर असेल. तो फाडू नकोस, दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढ आणि मूळ कार्ड पिशवीत ठेव.

तुमची,
माई